टेक्सासात आलात? आधी व्हिसा बघा, मग दारावरची पाटी

दर वर्षी मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, कुणीतरी नुकता आलेला मुलगा मला गाठतो. मी पिस्तूल बाळगतो हे त्याच्या कानावर आलेलं असतं. हातातली थाळी सावरत, आवाज जरा खाली आणून तो विचारतो, "काका, इथे म्हणे आता लायसन्स लागतच नाही?"

नाही लागत, खरं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात एकवीस पूर्ण केलेल्या आणि कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवता येतं. घोळ होतो तो ‘बंदी नसलेल्या’ या दोन शब्दांत. तुम्ही एच-वन-बी किंवा एल-वन या नोकरीच्या व्हिसावर किंवा एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असाल, तुमची बायको एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर असेल, तर तुम्ही बंदी असलेल्यांत मोडता. ही बंदी फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कायद्याची आहे, राज्यानं काहीही ठरवलं तरी ती उठत नाही. पिस्तूल तर सोडाच, एक गोळीसुद्धा जवळ ठेवायला मनाई, आणि शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. अपवाद थोडेच. त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे शिकारीचा वैध परवाना. ‘अरे, ऑनलाइन हंटिंग लायसन्स काढ, मोकळा झालास’ असं सांगणारा एक तरी जण तुम्हाला भेटेल. त्याचं ऐकण्याआधी इमिग्रेशन वकिलाला फोन करा. फीचे पैसे वाया जाणार नाहीत.

ऑफिसातली मंडळी शुक्रवारी दुपारी शूटिंग रेंजवर न्यायला निघतात, तिथेच नवा माणूस फसतो. भाड्याचं पिस्तूल, दहा मिनिटांची मजा, त्यात काय एवढं, असं वाटतं. फ्लोरिडात शिकायला आलेला हमीद रहीफ नावाचा अमिरातीचा विद्यार्थी नापास होऊन कॉलेजातून बाहेर पडला, त्याचा इथे राहायचा कायदेशीर दर्जा संपला आणि नंतर तो रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला. त्यावरून फेडरल खटला उभा राहिला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल त्याच्या बाजूनं दिला. आपण इथे बेकायदा राहतोय हे त्याला माहीत होतं, हेही सरकारनं सिद्ध करायला हवं होतं, एवढंच न्यायालयाचं म्हणणं. आपला व्हिसा कोणता हे तुम्हाला तर माहीतच असतं, म्हणजे तुमची ती पळवाटही गेली. रेंजवर जायचंच असेल तर कानाला मफ लावून मागे उभे राहा, फोटो काढा, नंतरचं बार्बेक्यू खा. हातात काही घेऊ नका.

ग्रीन कार्ड आलं की परिस्थिती बदलते. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, त्यात ग्रीन कार्डावरचा नंबर लिहायचा, पार्श्वभूमी तपासली जाते आणि पिस्तूल मिळतं. त्या फॉर्मात गांजाबद्दल प्रश्न असतो. शेजारच्या राज्यात गांजा चालत असला तरी फेडरल कायद्यात चालत नाही, तेव्हा तिथे थाप मारू नका.

आता लायसन्स ऐच्छिक झालंय, तरी मी सगळ्यांना काढायलाच सांगतो. चार ते सहा तासांचा वर्ग, मग तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्या, अडीचशेपैकी एकशे पंच्याहत्तर गुण मिळाले की पास. सरकारी फी चाळीस डॉलर. सांगण्याचं कारण शाळा. कोणत्याही शाळेपासून हजार फुटांच्या आत बंदूक नेण्याला फेडरल कायद्याची मनाई आहे, आणि त्या राज्याचं लायसन्स असलेल्याला त्यातून सूट आहे. आमच्या उपनगरात दूध आणायला निघालो तरी वाटेत दोन शाळा लागतात.

आता पाट्यांचं. टेक्सासातल्या पाट्या नंबरांनी ओळखल्या जातात. ३०.०६ म्हणजे लायसन्स असलं तरी लपवून पिस्तूल आत आणायचं नाही. बोलताना लोक ‘थर्टी ओ सिक्स’ म्हणतात. ३०.०७ म्हणजे कमरेला दिसेल असं लावून यायचं नाही. ३०.०५ लायसन्स नसलेल्यांसाठी. या पाट्यांचा मजकूर कायद्यानंच ठरवून दिलाय. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषा, अक्षरं किमान एक इंच उंच, रंग ठळक उठून दिसणारे. म्हणून ३०.०६ची पाटी दाराएवढी जागा खाते आणि कायद्याच्या पुस्तकाचं पान फाडून चिकटवल्यासारखी दिसते. ती वाचायची सवय लागायला मला वर्षभर लागलं. पहिले काही महिने मी दार उघडून आत जायचो आणि काउंटरवर पोचल्यावर आठवण यायची.

एकदा तर चांगलाच फसलो. आपलं देशी किराणा दुकान, ज्वारीचं पीठ आणि कढीपत्ता घ्यायला गेलेलो. त्या दुकानांची दारं कशी असतात तुम्हाला माहीतच आहे. डब्याची जाहिरात, गरबा नाइटचं पोस्टर, ‘भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी विमा’, बेबीसिटर हवी, रूममेट हवा, कुठल्यातरी गायकाच्या कार्यक्रमाचा हसरा चेहरा. मी आत शिरलो, टोपली भरली, आणि बाहेर पडताना त्या गायकाच्या पोस्टरच्या कडेतून मोठ्या अक्षरांतलं ‘सेक्शन ३०.०६’ डोकावताना दिसलं. पोटात गोळाच आला. गाडीत पिस्तूल पेटीत ठेवलं आणि परत जाऊन काउंटरवरच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, "वो तो लैंडलॉर्ड ने लगाया है, भाई, हमको क्या पता क्या लिखा है." पाटी दिसत नव्हती, तेव्हा वकिलानं मला सोडवलंही असतं. पण त्या दिवसापासून दार ढकलण्याआधी मी दोन पावलं मागे थांबतो आणि चौकटीच्या दोन्ही बाजू वाचतो. बायको म्हणते, याला दुकानात शिरायला मुहूर्त लागतो.

पाटी चुकवून आत गेलात तर गुन्हा सगळ्यात खालच्या दर्जाचा, दंड दोनशे डॉलरपर्यंत. पण मालकानं किंवा मॅनेजरनं तोंडावर ‘बाहेर जा’ म्हटलं आणि तुम्ही वाद घालत उभे राहिलात, तर वर्षभराचा तुरुंग आणि चार हजार डॉलरपर्यंत दंड. सांगितल्यावर लगेच निघालात, तर ते बचावाच्या कामी येतं. तेव्हा कुणी काही म्हणालं की ‘सॉरी’ म्हणून पाय बाहेर. कलमं सांगत बसू नका. आपल्याकडच्या काही लोकांना बसमध्ये कंडक्टरशी नियमांवर भांडायची सवय असते, ती इथे महागात पडेल.

काही दारांवर नुसतं वर्तुळ असतं, आत पिस्तुलाचं चित्र आणि त्यावर तिरकी लाल रेघ. त्या चित्रात ठरलेला मजकूर नसतो, म्हणून लायसन्सवाल्याला ते ३०.०६सारखं बांधत नाही. रेंजवर भेटणारे माझे टेक्सन मित्र हे चित्र बघून हसत आत जातात. मी जात नाही. कुणाच्या घरी ‘चपला बाहेर काढा’ असं लिहिलेलं नसतं, तरी उंबऱ्याबाहेरचा चपलांचा ढीग बघून आपण काढतोच ना? दुकानदाराला नको आहे एवढं कळलं, पुरे.

उलट काही ठिकाणी पाटी अर्धीच असते. एच-ई-बीसारख्या मोठ्या किराणा साखळीनं उघड कॅरी, म्हणजे दिसेल असं लावलेलं पिस्तूल, नको म्हटलंय, लायसन्सवाल्याच्या लपवलेल्या पिस्तुलाला हरकत घेतलेली नाही. एल पासोच्या वॉलमार्टमध्ये ३ ऑगस्ट २०१९ला झालेल्या हत्याकांडात तेवीस माणसं गेली. पुढच्याच महिन्यात कंपनीनं गिऱ्हाइकांना उघडपणे शस्त्र आणू नका अशी विनंती केली. मी स्वतः कधीच उघड लावत नाही. सावळ्या कातडीचा माणूस कमरेला पिस्तूल लावून दुधाच्या फ्रिजसमोर उभा राहिला तर बघणाऱ्याच्या मनात काय येईल, त्याचा विचार आपल्यालाच करावा लागतो. बोचतं, पण आहे ते असं आहे.

हे सगळं कुठून आलं तेही सांगतो, म्हणजे इथल्या लोकांशी बोलताना चुकीची थट्टा होणार नाही. १६ ऑक्टोबर १९९१ला किलीन गावातल्या लूबीज कॅफेटेरियात एकानं तेवीस माणसं मारली. सुझॅना हप आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं पिस्तूल गाडीत होतं, कारण तेव्हा ते जवळ बाळगणं बेकायदा होतं. दोघंही तिच्यासमोर गेले. १९९५ मध्ये गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा केला, आणि हप पुढे आमदार झाली. दुकानदाराला नाही म्हणता यावं म्हणून ३०.०६ हे कलम १९९७ मध्ये आलं. म्हणजे पाटी आणि पिस्तूल एकाच भांडणाची दोन टोकं आहेत, आणि तुमच्या ऑफिसात दोन्ही बाजूंची माणसं शेजारी बसतात.

काही ठिकाणी पाटी असो नसो, नेता येत नाहीच. शाळेची इमारत त्यात पहिली. आपली रविवारची मराठी शाळा जर भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या वर्गांत भरत असेल तर मुलाचा डबा द्यायला आत जातानाही पिस्तूल गाडीत. कोर्ट, विमानतळाच्या सुरक्षा तपासणीपलीकडचा भाग, मतदान केंद्र. यातलं शेवटचं विसरायला होतं, कारण इथे मतदानाच्या दिवसाआधीही बरेच दिवस मतदान चालतं आणि ते वाचनालयात किंवा कम्युनिटी सेंटरमध्ये असतं. आपल्याकडे निवडणूक लागली की परवानेवाले पोलीस ठाण्यात बंदुका जमा करायला रांग लावतात. इथे तेवढं नाही, फक्त त्या इमारतीत नेऊ नका. आणि बार. ज्याची निम्म्याहून जास्त कमाई तिथेच प्यायल्या जाणाऱ्या दारूची, त्याच्या दारावर लाल अक्षरांत ‘५१%’ असतं. तिथे नेलं तर दोन ते दहा वर्षं. मंदिरांबाबत २०१९ पासून नियम इतर खासगी जागांसारखाच आहे, पाटी लावायची की नाही हे विश्वस्त ठरवतात.

‘मग गाडीत ठेवू’ हे सोपं उत्तर आहे, पण बरीच पिस्तुलं चोरीला जातात ती गाडीतूनच. सीटखाली तारेनं बांधलेली लोखंडी पेटी घ्या. पार्किंगमध्ये पोचल्यावर खुडबुड करू नका, बघणारे बघत असतात. घरून निघतानाच ठरवा की आज जायच्या चार ठिकाणांपैकी दोन ठिकाणी चालणार नाही, तर ते घरीच राहू दे. माझे निम्मे दिवस असेच जातात. कंपनीच्या पार्किंगमध्ये कुलूपबंद गाडीत ठेवायला २०११ च्या कायद्यानं बहुतेक ठिकाणी मुभा दिली आहे, पण इमारतीत आणायला कंपनी मनाई करू शकते. ह्यूस्टनकडे रिफायनरीत नोकरी असेल तर नियम वेगळे आहेत, एचआरला विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोऱ्या शेजाऱ्याचे दोनशे डॉलर आणि तुमचे दोनशे डॉलर सारखे नाहीत. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येतं, आणि ग्रीन कार्डवाला अजून परदेशी नागरिकच असतो. नागरिकत्वाच्या अर्जात अटक किंवा समन्स झालं होतं का हे विचारतात, प्रकरण मिटलेलं असलं तरी. म्हणून पोलिसानं तिकीट हातात ठेवलं की दंड भरून मोकळं होण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा. मी अमेरिकन पासपोर्ट हातात येईपर्यंत पिस्तूल घराबाहेर नेलंच नाही. भित्रा म्हणा हवं तर.

घरातही एक भानगड असते. तुमचं ग्रीन कार्ड झालंय, पण भाऊ एफ-वनवर तुमच्याकडे राहतोय, किंवा आईबाबा सहा महिन्यांसाठी आलेत. तिजोरीचा आकडा त्यांना माहीत असला तर पिस्तूल त्यांच्याही ताब्यात होतं असं म्हणता येतं. आणि खंडेनवमीला तर हमखास. आमच्या ओळखीतल्या एकानं पाटावर पिस्तूल मांडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. तोवर ठीक. मग बी-टू या पर्यटक व्हिसावर आलेल्या वडिलांच्या हातात ते देऊन फोटो काढला आणि अडीचशे माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मी फोन करून काढायला लावला. तो म्हणाला, "अहो, पूजाच केली ना?" पूजा करा, पण हातोडी, पेचकस, लॅपटॉप यांची.

टेक्सासच्या बाहेर हे लायसन्स सगळीकडे चालत नाही. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, इलिनॉय, कॅलिफोर्निया ते मानत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसनला मामाकडे गाडीनं जायचं असेल तर पिस्तूल घरी ठेवा. पाट्यांचंही राज्यागणिक वेगळं आहे. काही राज्यांत पाटी म्हणजे नुसती विनंती, इलिनॉयमध्ये चार बाय सहा इंचाचं ते चित्रच कायदा.

आणि विमान. २०२३ मध्ये देशभरच्या विमानतळांवर केबिनच्या सामानात ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, ‘विसरलो’. आपल्यासाठी त्याहून वाईट म्हणजे सुटी गोळी. रेंजवर नेलेली सॅक तीच दिवाळीला भारतात न्यायची, अस्तराच्या फटीत नऊ मिलिमीटरची एक गोळी राहिलेली, आणि मुंबई विमानतळावर एक्स-रेत ती दिसली की शस्त्र कायद्याखाली गुन्हा. जाणूनबुजून बाळगली नव्हती हे सांगून न्यायालयातून सुटका होते, पण सुट्टी तिथेच संपते. आमच्याकडे रेंजची बॅग लाल रंगाची आहे, गॅरेजमधल्या खिळ्याला टांगलेली असते, आणि तिच्यात दुसरं काहीही ठेवायला घरात कुणालाच परवानगी नाही. नातवाला पोहायला जायचं होतं तेव्हा त्यानं ती मागितली होती. नवीन घेऊन दिली.