सांदणला मुलं न्यायच्या आधी

शाळेतल्या मुलांना घेऊन सांदण दरीत कचरा वेचायला जायचा बेत ठरला की पहिलं काम म्हणजे यादीतली नावं कमी करणं. बस भरते म्हणून पन्नास मुलं न्यायची नाहीत. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावाच्या पठारावर जमीन एकदम दुभंगते आणि दोन-अडीचशे फूट उंच कातळभिंतींमधून वाट खाली जाते. काही ठिकाणी समोरून कुणी आलं तर एकाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. वीस मुलं, चार मोठी माणसं आणि एक वाटाड्या पुरे. वाटाड्या गावातलाच घ्या. शाळेची सहल आहे म्हणून त्याच्याशी घासाघीस नको. जेवणही गावातच सांगून ठेवा: पिठलं, भाकरी, ठेचा. घरून डबे न आणल्याने फॉइल आणि पिशव्या आपोआप गळतात.

तारीख डिसेंबर-जानेवारीतली धरा. पावसाळ्यात दरी म्हणजे ओढाच, आणि वर पठारावर सर आली तर खाली बाजूला सरकायला जागा नसते. हिवाळ्यातही सुरुवातीला डोह लागतात. पाणी गुडघ्याला आहे की कमरेला, ते आदल्या दिवशी वाटाड्याला फोन करून विचारा. मागच्या वर्षीच्या फोटोवर जाऊ नका. परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, 1986 साली जाहीर झालेला, तेव्हा वनखात्याला आधी कळवा आणि नाक्यावर पावती घ्या. काजव्यांसाठी मे-जूनमध्ये जाणं हा निराळा बेत आहे, त्याची यादीही निराळी.

आठवडाभर आधी वर्गात एक तास ठेवा. तो टाळून नुसती सहल नेली तर मुलं फोटो काढून परत येतात, हा माझा अनुभव. फळ्यावर सह्याद्रीची धार काढा. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणातून पूर्वेला जाते, गोदावरीला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. सांदणचं पाणी पश्चिमेला कोकणात उतरतं आणि अरबी समुद्राकडे जातं. मग विचारा, दरीत पडलेला वेष्टनाचा तुकडा जुलैत कुठे असेल? उत्तर मुलांना काढू द्या. लाव्हाच्या थरांवर थर बसून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा बेसाल्ट कसा झाला तेही सांगा. कातळातल्या भोकांत पांढरी खनिजं दिसतील. ती बघायची, खिशात घालायची नाहीत.

आता सामान. दोघांत एक गोणी, सुतळी, जाड हातमोजे, लांब चिमटे. चिमटे विसरू नका, कारण खरा त्रास बाटल्यांचा नाही. बाटली दिसते आणि उचलली जाते. वेफर्सच्या पाकिटाचा दातांनी तोडलेला कोपरा मात्र धोंड्यांच्या फटीत अडकतो आणि तिथेच राहतो. म्हणून खाऊ घरीच डब्यात काढून आणायचा आणि पाकीट घरीच टाकायचं. एका खेपेला आम्हीच मुलांना सरबताचे पुडे वाटले आणि नंतर त्याच पुड्यांच्या नळ्या वेचत बसलो. जास्तीचे मोजे, पकड असलेले बूट, शिट्टी, प्रथमोपचाराची पेटी आणि प्रत्येकाला हेल्मेट. वर माकडं हिंडली की दगड सुटतात. अत्तर, डिओ नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात. सनस्क्रीन लावून डोहात उतरायचं नाही, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. त्या साचलेल्या पाण्यात बेडूक आणि खेकडे राहतात, आणि पुढचा पाऊस येईपर्यंत ते पाणी बदलत नाही.

एक गोष्ट शिक्षक बोलायला लाजतात. पाण्यापासून दोनशे फुटांवर शौचाला बसावं हा नियम सांदणमध्ये पाळताच येत नाही, कारण दरीची रुंदीच तेवढी नाही. त्यामुळे सगळ्यांनी गावात उरकूनच उतरायचं. पाळी आलेल्या मुलींसाठी कागदी पिशव्या आणि एक झाकणाचा डबा वेगळा ठेवा आणि तो कोणत्या ताईंकडे आहे हे आधीच सांगून ठेवा.

दरीत पाऊण तासापेक्षा जास्त वेचणं नको, मुलं कंटाळतात. मग पाच मिनिटं गप्प बसवा आणि वहीत फक्त ऐकू आलेलं लिहायला सांगा. परतताना गावातल्या एखाद्या जुन्या घराची कारवीच्या काठ्यांची, शेणाने लिंपलेली भिंत दाखवा. सात वर्षांनी एकदा फुलणारी कारवी ती हीच, एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न मुलंच विचारतात.

गोण्या साम्रदमध्ये ठेवून यायच्या नाहीत. ताणकाट्यावर वजन करून आकडा वहीत लिहा आणि गोण्या शहरात परत आणा. बसच्या डिकीत त्यांच्यासाठी जागा मोकळी ठेवायला ड्रायव्हरदादांना सकाळीच सांगा. मागच्या वेळी सांगायचं राहिलं आणि चार ओल्या गोण्या घोटी गावापर्यंत माझ्या पायाशी होत्या.