जुन्या स्कूटरचा क्रँक: मॉडेलचं नाव सोडा, माप घ्या

"चेतकचा क्रँक द्या" एवढंच सांगून क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा इंजिनातला दांडा) मागितला, तर स्पेअरपार्टच्या दुकानातून आणलेला क्रँक निम्म्या वेळा परत न्यावा लागतो. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली पुण्याजवळच्या आकुर्डीहून निघाली आणि पुढे तीन दशकं बनत राहिली. या काळात सहा व्होल्टचं वायरिंग बारा व्होल्टचं झालं आणि प्लॅटिनम पॉईंट जाऊन इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं. त्यातच प्रत्येक गाडीचं इंजिन दोन-तीनदा तरी उघडलं गेलेलं असतं. आरसी बुकातला इंजिन नंबर क्रँककेसवर कोरलेला असतो, आतल्या क्रँकशी त्याचा संबंध नाही. म्हणून नंबर किंवा मॉडेलवरून क्रँक मागवू नका. हातातला जुना क्रँक मोजा आणि त्या मापांवर नवा मागा.

व्हर्नियर, ०–२५ आणि २५–५० मिमीचे मायक्रोमीटर, थ्रेड गेज, मार्किंग ब्ल्यू (दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणारा निळा रंग), व्ही-ब्लॉक (क्रँक टेकवायचा खाचेचा ठोकळा) आणि डायल गेज (काट्याचं माप) एवढं पुरेसं आहे. क्रँक पेट्रोलने धुऊन पुसा आणि सावलीत थंड होऊ द्या. उन्हात तापलेल्या लोखंडाचं माप धरू नका.

स्ट्रोक: इंजिन पूर्ण खोलण्याआधी

हे माप हेड काढल्यावर, बोअर (सिलिंडर) जागेवर असतानाच घ्या. पिस्टन अगदी वर आणा. बोअरच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियरच्या मागच्या दांडीने पट्टीपासून पिस्टनच्या मध्यापर्यंतची खोली मोजा. मग पिस्टन अगदी खाली नेऊन त्याच जागी परत मोजा. दोन्ही आकड्यांमधला फरक म्हणजे स्ट्रोक.

बजाज १५०, चेतक आणि व्हेस्पा स्प्रिंट या व्हेस्पा घराण्यात स्ट्रोक ५७ मिलिमीटर येतो. बोअरचा आतला व्यासही ५७, त्यावरून १४५.४५ सीसी. व्हेस्पा पीएक्स १५० आणि एलएमएल एनव्ही १५० मध्ये बोअर ५७.८ आणि स्ट्रोक तोच ५७, म्हणून १४९.५६ सीसी. म्हणजे १४५ आणि १४९ हा फरक बोअरचा आहे, क्रँकचा नाही. लॅम्ब्रेटाच्या एलआय, टीव्ही १७५ (सिरीज २ आणि ३), एसएक्स आणि जीपी या सगळ्यांत स्ट्रोक ५८ येतो.

सुटा क्रँक हातात असेल तर जर्नलच्या (बेअरिंग बसतं त्या गोल भागाच्या) मध्यापासून क्रँकपिनच्या (रॉडचं खालचं टोक फिरतं त्या पिनच्या) मध्यापर्यंतचं अंतर दुप्पट केलं की तोच आकडा मिळतो. मात्र तिथे २८.५ आणि २९ मध्ये जेमतेम अर्धा मिलिमीटर फरक असतो आणि व्हर्नियर तिरका धरला की तेवढी चूक सहज होते. पिस्टनचा प्रवास मोजणं जास्त भरवशाचं.

स्ट्रोक जुळला म्हणजे क्रँक जुळला, असं मात्र नाही. त्यावरून फक्त घराणं कळतं.

कनेक्टिंग रॉड

पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या या रॉडच्या दोन्ही डोळ्यांच्या (टोकांच्या भोकांच्या) आतल्या कडांमधलं सर्वांत कमी अंतर घ्या आणि दोन्ही भोकांच्या व्यासांच्या बेरजेचा अर्धा त्यात मिळवा. व्हेस्पा घराण्यात १२५ आणि १५० ला हे १०५ येतं, २०० ला ११०. लॅम्ब्रेटात १०७. पिस्टन पिन १२५–१५० व्हेस्पात १५ मिमी, पीएक्स २०० आणि लॅम्ब्रेटात १६ मिमी. वरच्या डोळ्यात पितळी बुश आहे की नीडल बेअरिंग, हेही लिहून घ्या, कारण रॉड किट (रॉडचा संच) त्यावरून बदलतो.

क्रँकपिन सुटली असेल तर ती तीन जागी मोजा. दोन्ही टोकं वेबमध्ये (क्रँकच्या जाड चकत्यांमध्ये) दाबलेली असतात, ती झिजत नाहीत. मधला भाग झिजतो. मूळ माप नेहमी टोकांवरून धरा. बरेच जण मध्यावर मायक्रोमीटर लावतात, तिथला कमी आकडा पाहून "ही छोट्या साईजची पिन" असं ठरवतात आणि चुकीचा किट आणतात.

बेअरिंग

जुन्या बेअरिंगच्या कडेवरचा नंबर भिंगाने वाचा. ६२०४ म्हणजे २०×४७×१४, ६२०५ म्हणजे २५×५२×१५, ६३०५ म्हणजे २५×६२×१७. नंबर पुसला गेला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा.

रुंदी कधीच सोडू नका. व्हेस्पा घराण्यातलं क्लच साईडचं बेअरिंग २५×६२×१२ आहे. आतून-बाहेरून ते ६३०५ सारखंच दिसतं, पण पाच मिलिमीटर अरुंद असतं. दुकानात "आतून पंचवीस, बाहेरून बासष्ट" एवढंच सांगितलं तर ६३०५ हातात पडतं. ते केसमध्ये नीट बसत नाही, आणि ठोकून बसवलंच तर क्रँक एका बाजूला सरकतो. पीएक्समध्ये मॅग्नेट (फ्लायव्हील) साईडचं नीडल बेअरिंग २५×३८×१५ असतं. जुन्या मॉडेलांत त्या बाजूचं जर्नल वेगळं असू शकतं, म्हणून दोन्ही बाजू स्वतंत्रपणे मोजा.

बेअरिंगच्या आतल्या रेसखालची (कड्याखालची) जागा आरशासारखी चकाकत असेल तर रेस तिथे फिरलेली आहे. २५ चं जर्नल २४.९७ भरलं तर तो क्रँक पुन्हा वापरू नका. पंचने टिंब मारून किंवा लॉकटाईट (चिकटद्रव) लावून बेअरिंग घट्ट करण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. काही हजार किलोमीटरमध्ये रेस पुन्हा सुटते आणि या वेळी केसचं घरही सोबत खाते.

मॅग्नेट साईडचा टेपर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि बहुतेक मार्गदर्शनात या टेपरला (मॅग्नेट बसतो त्या क्रँकच्या निमुळत्या टोकाला) एक ओळही मिळत नाही. स्ट्रोक, रॉड आणि बेअरिंग सगळं जुळलेला क्रँक टेपरवर नापास होतो, आणि हे कळतं तेव्हा इंजिन बांधून झालेलं असतं.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. मॅग्नेटचं वजन आणि ओढ टेपर पेलतो, त्यातली 'की' (लोखंडी चावी) नव्हे. अर्धचंद्राच्या आकाराची ती छोटी की फक्त टायमिंगची जागा दाखवते. दोन टेपर पूर्ण चिकटले नाहीत तर सगळा भार कीवर येतो. मग की कातरली जाते, टायमिंग सरकतं, गाडी किकला उलटा झटका देते, आणि शेवटी क्रँकवरचा कीचा गाळा फुटून क्रँक भंगारात जातो. नट कितीही आवळला तरी यावर इलाज होत नाही.

लॅम्ब्रेटात हे उघडपणे दिसतं. एलआयचा टेपर एक आणि जीपीचा त्याहून मोठा. इटलीत लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या इनोचेंटीने जीपी १९६९ ते १९७१ या काळात बनवली. मग ती यंत्रसामग्री भारतात आली आणि लखनौच्या स्कूटर्स इंडिया लिमिटेडमधून (एसआयएल) जीपी पुढे बनत राहिली. त्यामुळे आपल्याकडे एकाच टपरीत दोन्ही जातींचे क्रँक आणि मॅग्नेट मिसळलेले सापडतात. बजाज आणि एलएमएलच्या जुन्या-नव्या मॅग्नेटबाबतही तीच खबरदारी घ्या.

उघड्या टेपरवर मायक्रोमीटर लावून माप घेऊ नका. त्याची सपाट तोंडं उतारावर टेकतात ती एका कडेवर, आणि आकडा दर वेळी वेगळा येतो. त्याऐवजी लेथवाल्याकडून दोन रिंगा करून घ्या: एक आतून १७.०० ची, दुसरी १५.००. दोन्हींची तोंडं चौरस आणि कडा धारदार असाव्यात, चॅम्फर अजिबात नको. तुमचा टेपर याहून जाड किंवा बारीक असेल तर मापं त्याप्रमाणे बदला. दोन्ही रिंगा टेपरवर हलक्या हाताने सरकवा, अडकल्या की थांबा. मग मोठ्या रिंगच्या तोंडापासून लहान रिंगच्या त्याच बाजूच्या तोंडापर्यंत अंतर मोजा. समजा ते १० आलं, तर दहा मिलिमीटर लांबीत व्यास दोनने कमी झाला, म्हणजे उतार १:५. शिवाय मोठी रिंग बेअरिंगच्या खांद्यापासून किती दूर अडकली, तेही लिहून घ्या.

हे दुसरं माप लोक विसरतात. उतार सारखाच पण व्यासात फक्त ०.१ चा फरक असेल, तर १:५ च्या उतारावर मॅग्नेट अर्धा मिलिमीटर आत किंवा बाहेर बसतो. आत गेला तर स्टेटर प्लेटला घासतो. बाहेर राहिला तर नटला पुरेसे आटे मिळत नाहीत.

नवा क्रँक हाती आला की ब्ल्यूची चाचणी टाळू नका. टेपरवर मार्किंग ब्ल्यूचा इतका पातळ थर लावा की खालचं लोखंड दिसत राहील. की काढून ठेवा, मॅग्नेट हाताने दाबून बसवा, पाव फेरा फिरवा आणि सरळ बाहेर काढा. निळा रंग मॅग्नेटच्या भोकात वरपासून खालपर्यंत सारखा उमटला तर जोडी बरोबर आहे. फक्त बेअरिंगच्या बाजूला उमटला तर क्रँकचा उतार मॅग्नेटपेक्षा जास्त आहे. फक्त नटाच्या बाजूला उमटला तर मॅग्नेटचा जास्त. दोन्ही वेळा तो क्रँक परत करा.

ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून जुळवण्याचा उपाय फक्त किरकोळ ओरखड्यांसाठी आहे. वेगळ्या जातीचे दोन टेपर त्याने एक होत नाहीत. उलट घासून घासून टेपरवर पायरी पडते आणि ती पुढच्या प्रत्येक मॅग्नेटला त्रास देते. कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये घालणं तर कधीही करू नका.

टोकाच्या आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) थ्रेड गेजने बघा. कीची जाडी आणि लांबीही मोजा.

वेब आणि रोटरी व्हॉल्व्ह

व्हेस्पा घराण्याच्या रोटरी व्हॉल्व्ह इंजिनात क्रँकचा वेब हाच इनटेकचा दरवाजा आहे. वेब आणि केसमधल्या पट्टीत सुमारे ०.०५ मिमी फट असते आणि वेबच्या कापलेल्या कडांवरून मिश्रण कधी आत येणार ते ठरतं. म्हणून वेबचा व्यास चार जागी मोजा. जुना क्रँक पुठ्ठ्यावर ठेवून कापाची आऊटलाईन काढा आणि नवा त्यावर ठेवा. कापाच्या कडा पुढे-मागे असतील तर इंजिन चालेल, पण टायमिंग मूळचं राहणार नाही. वेबवर चर पडलेले असतील तर क्रँक बदला, भराव घालून चालत नाही. रीड व्हॉल्व्ह (पातळ पाकळ्यांची झडप) असलेल्या एलएमएलला ही अट लागू नाही. पण याच कारणाने रीडच्या इंजिनातला क्रँक रोटरीत बसवताना आधी हा पुठ्ठा जुळवून बघा.

पिनजवळ दोन्ही वेबच्या बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदीही घ्या. नवीन किट प्रेस केल्यावर हीच रुंदी परत यायला हवी.

लेथवाल्याकडे काय द्यायचं

सगळी मापं एका चिठ्ठीवर लिहा: स्ट्रोक, रॉडची लांबी, पिस्टन पिन, क्रँकपिनचं टोक, दोन्ही जर्नल, दोन्ही बेअरिंग रुंदीसह, टेपरचा उतार, मोठ्या रिंगचं खांद्यापासूनचं अंतर, की, पिच, वेबची रुंदी. चिठ्ठीसोबत जुना क्रँक आणि मॅग्नेट दोन्ही न्या.

प्रेस झालेला क्रँक परत घेताना तिथेच व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावायला सांगा. दोन्ही जर्नलवर काटा ०.०३ मिमीच्या आत राहिला पाहिजे. रॉड वर-खाली हलवून बघा: त्या दिशेला अजिबात खेळ नको, बाजूला थोडा सरकणं बरोबर आहे. काटा जास्त फिरला तर "केसमध्ये बसलं की सरळ होईल" हे उत्तर मान्य करू नका. क्रँक तिथेच पुन्हा सरळ करून घ्या.