ऑक्टोबरचा दुसरा आठवडा: कॅलेंडरात नसलेले सण घरी कसे साजरे करावेत

पाऊस उघडलेला, गणपती होऊन गेलेले, दिवाळीला अजून अवकाश. शरद ऋतूचं कवींनी काहीही वर्णन केलेलं असो, आपल्याकडे त्याचं चालू नाव ऑक्टोबर हीट. मुलांची सहामाही एकतर सुरू असते नाहीतर तोंडावर आलेली असते आणि घरात सगळेच जरा चिडचिडे असतात. अशाच एका ऑक्टोबरात धाकटा शाळेतून आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आई, आज ऑक्टोपस दिवस आहे. आपण काय करायचं?" मला वाटलं, अभ्यास टाळायची नवी युक्ती. पण खरंच निघालं. ८ ऑक्टोबर, जागतिक ऑक्टोपस दिन.

तेव्हापासून ८ ते १४ ऑक्टोबर हा आमच्या घरचा हक्काचा आठवडा आहे. हाच का, तर त्यात एक हिशेब आहे. काही दिवस तारखेवर ठरतात, काही वारावर. महिन्याचा दुसरा शुक्रवार आणि दुसरा शनिवार कुठल्याही वर्षी ८ ते १४ याच तारखांत पडतो. त्यामुळे वारावर ठरणारे दोन दिवसही या आठवड्यातून निसटत नाहीत. कधी कधी दोन दिवस एकमेकांवर येतात, तेव्हा एक सकाळी आणि एक संध्याकाळी.

आधी चाळणी लावा

असले दिवस इंटरनेटवर पोत्याने मिळतात. कोणीही उठून कसलाही दिवस जाहीर करू शकतो, त्याला परवानगी लागत नाही. म्हणून कागद घेऊन बसा आणि प्रत्येक दिवसाला दोन प्रश्न विचारा. हा सुरू कोणी केला? आणि त्या दिवशी अर्ध्या तासात हाताने करण्यासारखं काही आहे का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर "विकणाऱ्यांनी" असं आलं तरी दिवस बाद करू नका, फक्त माहीत असू द्या. दुसऱ्याचं उत्तर "नाही" आलं तर मात्र काट मारा. नुसता फॉरवर्ड करायचा दिवस आपल्या कामाचा नाही.

आणखी एक. या आठवड्यातले सगळेच दिवस गमतीचे नाहीत. १० तारखेला मानसिक आरोग्याचा दिवस असतो, ११ ला मुलींचा. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली ती तारीख १४ ऑक्टोबर. त्यांचं मोल वेगळं आहे, त्यांना या खेळात ओढू नका.

सातही दिवस साजरे करायला जाल तर तिसऱ्या दिवशी दमाल. खालच्या सहांतले आवडतील ते चार पुरेत. ठरले की कागद फ्रिजवर लावा.

८ ऑक्टोबर: ऑक्टोपस

हा जेवणाच्या टेबलावरचा दिवस, वेगळी तयारी नको. आठ हात म्हणून आठ तारीख. "ऑक्टो" म्हणजे आठ, आणि आपलं "अष्ट" त्याच घराण्यातलं. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून ऑक्टोबर आठवा होता. पुढे तो दहावा झाला, नाव तेच राहिलं. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळसर असतं, कारण त्यात लोहाऐवजी तांब्यावर चालणारं द्रव्य प्राणवायू वाहून नेतं. इतकं सांगून झालं की प्रत्येकाने सांगायचं: मला आठ हात असते तर या क्षणी कुठला हात काय करत असता? आमच्या सासूबाईंनी आठही हातांना भांडी घासायला लावली. मासळी बाजार जवळ असेल तर मुलांना माकूल दाखवायला न्या. ते ऑक्टोपसचं चुलत भावंड, पण हात मोजले तर दहा भरतात, त्यातले दोन लांब.

९ ऑक्टोबर: टपाल

या आठवड्यातला माझा सर्वात लाडका दिवस हा, त्यामुळे इथे जरा रेंगाळणार आहे.

९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशोदेशींच्या टपाल खात्यांनी एकत्र येऊन करार केला. त्यातूनच आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली. एका देशाचं तिकीट लावलेलं पत्र दुसऱ्या देशाने मुकाट पोचवायचं, हे तिथून रुळलं. १९६९ साली टोकियोच्या अधिवेशनात हा दिवस पाळायचं ठरलं आणि ती सूचना मांडणाऱ्यांत भारतीय प्रतिनिधी होते.

पायरी १. पोस्टकार्ड आदल्या दिवशीच आणून ठेवा. मी पहिल्या वर्षी आठ कार्डं मागितली तेव्हा खिडकीतल्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "स्पर्धेसाठी का?" म्हटलं, नाही, नातेवाइकांसाठी. पन्नास पैशांप्रमाणे चार रुपये झाले. एकच कार्ड मागायला जाऊ नका, सुट्ट्याचा प्रश्न येतो.

पायरी २. ज्याचा मोबाइल नंबर आपल्याकडे आहे पण पत्ता नाही, असा माणूस निवडा. सापडायला वेळ लागणार नाही, बहुतेक सगळे तसेच असतात. पत्ता आणि पिनकोड मागून घ्या, कशाला ते सांगू नका.

पायरी ३. मायना लिहायला शिकवा. खरी मजा इथे आहे. वर मधोमध श्री. उजव्या कोपऱ्यात गाव आणि तारीख. मग वडीलधाऱ्यांना "ती. आत्यास शि. सा. न. वि. वि." आणि लहानांना "चि." धाकट्याला ही अक्षरं म्हणजे पासवर्ड वाटली. शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष, असा उलगडा केल्यावर म्हणाला, "म्हणजे पूर्वीपण शॉर्टफॉर्म होते." होतेच. शेवटी "कळावे, लोभ असावा ही विनंती". पत्राचा कोपरा फाडलेला असला तर आत वाईट बातमी, आणि लग्नाच्या पत्रिकेला हळदकुंकवाची बोटं, हेही सांगा. नाहीतर मुलं हौसेने कडा फाडून "डिझाइन" करतात आणि समोरच्या आजीच्या छातीत धस्स होतं.

मजकूर एकाच प्रसंगाचा लिहा. "आम्ही सगळे मजेत, तुम्ही कसे आहात" यावर अर्धं कार्ड संपतं. त्यापेक्षा कालच्या दिवसातली एक गोष्ट सांगा: लिफ्ट बंद पडली, कढी फुटली, मांजर कपाटात अडकली. पत्त्याच्या बाजूचा डावा अर्धा भागही मजकुराला मोकळा असतो, जागा कमी पडली तर तिकडे वळा.

पायरी ४. पत्ता घातलात की पिनकोडचे सहा चौकोन मुलांकडून भरून घ्या आणि त्यांचा अर्थ लावा. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाली आणि ती बसवणारे अधिकारी आपले श्रीराम भिकाजी वेलणकर, एरवी संस्कृत कवी. एकाच नावाची गावं किती, पत्ते कुठल्या कुठल्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, त्यातून पत्र नेमकं कुठे टाकायचं, हा गुंता त्यांनी सहा आकड्यांत सोडवला. पहिला आकडा विभागाचा. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा: ४०० मुंबई, ४११ पुणे, ४४० नागपूर, ४०३ गोवा. शेवटचे तीन वाटप करणाऱ्या पोस्टाचे. ९ ने सुरू होणारा पिनकोड सैन्याचा. मग एकमेकांना आकडे घालून गाव ओळखायचं. अर्धा तास कसा जातो कळत नाही.

पायरी ५. लाल पेटीत टाकण्याआधी पेटीवरची टपाल काढण्याची वेळ वाचा. आमच्या कोपऱ्यावरच्या पेटीच्या तोंडात एकदा सुगरणीच्या घरट्यासारखं काहीतरी कोंबलेलं होतं. सरळ पोस्टात जाऊन टाकलं.

१० ऑक्टोबर: पेज

या दिवशी जगात "पॉरिज डे" असतो. गरीब देशांतल्या शाळकरी मुलांना जेवण पुरवणाऱ्या एका स्कॉटिश संस्थेचा तो उपक्रम. स्कॉटलंडमधल्या कारब्रिज या छोट्या गावात तर याच सुमारास पॉरिज रांधायची जागतिक स्पर्धा भरते, १९९४ पासून. पारंपरिक गटात ओट, पाणी आणि मीठ, बाकी काही घालायचं नाही. बक्षीस म्हणजे सोनेरी स्पर्टल, पॉरिज ढवळायची लाकडी दांडी.

ओटऐवजी उकडे तांदूळ घ्या, की झाली कोकणातली आणि गोव्यातली पेज. तीही तीनच जिनसांची. ओटचं पाकीट आणू नका, इथे आपली बाजू जड आहे.

एक वाटी उकडे तांदूळ धुऊन तासभर भिजवा. जाड बुडाच्या पातेल्यात आठ वाट्या पाणी उकळायला ठेवा, उकळी फुटली की तांदूळ सोडा. झाकण अर्धवट ठेवा, पूर्ण लावलंत तर गॅसची शेगडी धुवावी लागेल. आच मंद. पाऊण तास तरी लागतो, त्यात दर पाच-सात मिनिटांनी तळापासून ढवळायचं. मी पहिल्यांदा फोनवर बोलत बसले आणि पेज खाली लागली. तो करपट वास कशानेच जात नाही. शीत दोन बोटांत चुरडलं जातंय पण अख्खं दिसतंय, आणि वरचं पाणी दाटसर झालंय, की गॅस बंद. मीठ शेवटी. कुकरमध्ये करू नका, त्याचा गुरगुट्या भात होतो.

वाडग्यात वाढा, बरोबर लोणचं आणि निखाऱ्यावर किंवा गॅसवर भाजलेला पापड. खाणारे असाल तर सुकट. चमच्याऐवजी वाडगं तोंडाला लावून प्यायची, आवाज करत. या एका दिवशी आमच्याकडे त्यावर कोणी बोलत नाही.

दुसरा शुक्रवार: अंडं

हा दिवस उघडउघड अंड्यांच्या धंद्यातल्या लोकांचा, १९९६ मध्ये व्हिएन्नात ठरलेला. "संडे हो या मंडे" म्हणत आपल्याला अंडी खायला लावणारी राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही पुण्याचीच. पण दिवस झकास आहे, कारण अंड्यांवर प्रयोग करता येतात. नवरात्र चालू असेल आणि घरात अंडी येत नसतील तर मात्र हा दिवस गुपचूप पुढे ढकला. अंडी वाट बघतात.

खोल भांड्यात गार पाणी घ्या आणि अंडं अलगद सोडा. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं. थोडं जुनं झालेलं तळाशीच, पण उभं राहतं. तरंगलं तर ते फारच जुनं, खायला घेऊ नका. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतला ओलावा उडत जातो आणि हवेची पोकळी मोठी होत जाते, म्हणून हे असं.

मग एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं एकत्र करा आणि ओट्यावर गरगर फिरवून ओळखायला सांगा. उकडलेलं भिंगरीसारखं फिरतं, कच्चं लडखडतं. फिरतं अंडं बोटाने क्षणभर थांबवून लगेच सोडलं, तर कच्चं पुन्हा जरासं फिरू लागतं, कारण आतला बलक थांबलेला नसतो. ओट्याला कड नसेल तर ताटात फिरवा. का ते विचारू नका. उरलेल्यांची भुर्जी.

दुसरा शनिवार: पाहुणे पक्षी

स्थलांतरित पक्ष्यांचा दिवस वर्षातून दोनदा येतो, मे आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी. मे महिन्यात आपल्याकडचे बरेच पाहुणे निघून गेलेले असतात, ऑक्टोबरात यायला लागतात. म्हणून आपला खरा हा. लांब तळ्यावर जायची गरज नाही. सकाळी सातच्या आत गच्चीत किंवा मैदानावर पंधरा मिनिटं उभे राहा आणि धोबी शोधा. चिमणीपेक्षा सडपातळ, लांब शेपटी, आणि ती शेपटी सतत वरखाली, कपडे आपटल्यासारखी. म्हणून धोबी, कुठे परीट. हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून आलेला हा पाहुणा सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या मधून तुरुतुरु पळताना दिसला की मुलांचा विश्वास बसत नाही. तारीख लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तो कधी आला ते ताडून बघायला उपयोगी पडते.

१४ ऑक्टोबर: ए-फोरचा कागद

हा दिवस प्रमाणीकरणाचा. १९४६ साली २५ देशांचे प्रतिनिधी लंडनमध्ये जमले आणि वस्तूंची मापं जगभर सारखी असावीत यासाठी संघटना काढायचं ठरलं. ऐकायला रुक्ष, पण एक ए-फोर कागद मधोमध दुमडून बघा. अर्धा झाला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, पुन्हा दुमडा, पुन्हा तेच. असे १६ कागद शेजारी शेजारी मांडले की एक चौरस मीटर भरतो. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, कागद असेल तर एकाचं वजन ५ ग्रॅम, म्हणजे चार कागदांचं पत्र २० ग्रॅम, आणि पाकिटासकट ते साध्या टपालाच्या पहिल्या टप्प्याबाहेर जातं. पोस्टकार्डाचा मोठेपणा इथे कळतो. बास, हा दिवस इतकाच.

दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबरला, कलामांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात तो वाचन प्रेरणा दिन म्हणून शाळांत साजरा होतो, त्यामुळे घरी वेगळं काही करत नाही. आमचं लक्ष तेव्हा जिन्याखालच्या टपालाच्या खोक्याकडे असतं. गेल्या वर्षी पहिलं उत्तर आत्याचं आलं, १७ तारखेला, निळ्या शाईत, कार्डाच्या कडेकडेने आडवं-उभं लिहिलेलं. वर श्री, खाली आशीर्वाद, आणि मध्ये एक ओळ: "पत्र पावले, आनंद झाला, परंतु तुझे अक्षर फार बिघडले आहे, त्यापेक्षा धाकट्याचे बरे."