जुन्या फ्रीबीएसडी सर्व्हरवरची पॅकेजेस चालती कशी ठेवायची

सांगलीत गावभागातल्या एका हळदीच्या अडत ऑफिसात पोटमाळ्यावर एक सर्व्हर आहे, 2019 च्या पुरात वर उचलला तो परत खाली आलाच नाही, फ्रीबीएसडी 12 वर (युनिक्ससारखी ऑपरेटिंग सिस्टिम) चालायचा आणि त्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे मालविक्रीचे हिशोब, काढणारा एक जुना पर्ल प्रोग्राम होता. शेठना म्हटलं बदलूया, तर म्हणायचे चालतंय की! चालायचं खरं, पण 12 चा सपोर्ट 31 डिसेंबर 2023 ला संपला, आता पीकेजी (पॅकेज मॅनेजर) अपडेट मारलं की रेपोच, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरतात तो साठाच, सापडत नाही.

पहिलं काम, काहीही नवीन टाकायच्या आधी जे आहे ते काढून ठेवा. पीकेजी क्रिएट मायनस ए, आणि मायनस ओ देऊन पुढं फोल्डरचं नाव. मशीनवर बसलेल्या प्रत्येक पॅकेजची परत इन्स्टॉल करता येईल अशी फाइल बनते, आणि हे रेपो बंद असला तरी होतं कारण सगळं डिस्कवरूनच घेतलं जातं. ते फोल्डर, आणि सेटिंग्ज असतात ती दोन फोल्डर, एटीसी आणि यूएसआर लोकलमधलं एटीसी, तिन्ही दुसऱ्या डिस्कवर. मग पीकेजी लॉक मायनस ए, म्हणजे चुकून कुणी अपग्रेड मारलं तरी काही हलत नाही.

मी हे आधी केलं नव्हतं राव. नेटवर वाचलं की एबीआय, म्हणजे कुठल्या व्हर्जनची पॅकेजेस घ्यायची ते सांगणारी सेटिंग, 12 चा 13 केला की पॅकेजेस मिळतात, केला, आणि मिळाली पण! पहिल्यांदा पीकेजी स्वतःच अपग्रेड झालं आणि पुढच्या कमांडला स्क्रीनवर एकच ओळ, लिब-सीचं (सगळ्या प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) अमुक व्हर्जन नॉट फाउंड. पॅकेज मॅनेजरच आडवा, आता दुरुस्त कशानं करणार? बाहेर सौदे सुरू आणि पट्टी निघेना. शेवटी पीकेजी-स्टॅटिक आठवलं, त्याला बाहेरची लायब्ररी लागत नाही म्हणून ते चालतं, त्यानं जुनी फाइल बसवली, पण ती जुनी फाइल कॅशमध्ये पडलेली नशिबानं सापडली म्हणून. तेव्हा एबीआयला हात लावू नका.

एखादं पॅकेज नव्यानं लागलंच तर पोर्ट्समधून, म्हणजे सोर्सवरनं पॅकेज बनवायच्या संग्रहातून, बिल्ड करा, पण आजचं पोर्ट्स झाड नको, त्यातनं 12 काढून टाकलाय. गिटमधनं 2023 क्यू4 ही ब्रांच घ्या, ती 12 च्या शेवटच्या तिमाहीची. मशीन 12.4 च्या खालचं असेल तर सपोर्ट संपलाय म्हणून अडवेल, मेक.कॉन्फमध्ये अलाउ अनसपोर्टेड सिस्टिम बरोबर यस टाकलं की पुढं जातं. बिल्डच्या आधी मेक फेच-रिकर्सिव्ह मारून सगळे सोर्स एकदाच उतरवून जपून ठेवा, जुने टारबॉल (सोर्सच्या गुंडाळलेल्या फाइली) मूळ साइटवरनं गायब होतात. आणि बिल्डला वेळ द्या, आमच्याकडं रात्री लावला तो सकाळी शेठ आले तरी चालूच.

डाउनलोडला सर्टिफिकेट एरर आली तर आधी तारीख बघा, घड्याळाची बॅटरी गेलेल्या मशीनवर निम्म्या वेळा तेच असतं. नसेल तर रूट सर्टिफिकेटची फाइल जुनी झालीय, ती साधी टेक्स्ट फाइल असते, नव्या मशीनवरनं कॉपी केली तरी भागतं. व्हेरिफाय बंद करून काम उरकू नका.

हे सगळं केलं तरी सिक्युरिटी पॅच येत नाहीत ते नाहीतच, म्हणून फायरवॉलमध्ये ऑफिसातल्या आयपीशिवाय सगळं बंद ठेवा. आणि नवीन मशीन मिळालं की त्यावर 14 टाकून जुनं सगळं एका जेलमध्ये, म्हणजे त्याच मशीनवरच्या वेगळ्या कप्प्यात, बसवा. कर्नल नवा आणि आतलं यूजरलँड (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम) जुनं हे चालतं, उलटं चालत नाही. आमच्याकडं आता तसंच आहे, पर्लला पत्ताही नाही की घर बदललंय. जुनं मशीन अजून पोटमाळ्यावरच आहे, बंद करून ठेवलंय, शेठ विकू देत नाहीत.