स्लॅशमध्ये उगवलेलं अनोळखी फोल्डर कुणी केलं, हे कसं शोधायचं

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छोट्या प्रकाशनाच्या कचेरीतला सर्व्हर मी सांभाळते. लिनक्सचं एक मशीन, त्यात दोन डिस्क, आणि त्याच्यावर काम करणारी डीटीपीची पाच माणसं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता, दिवाळी अंकाची पानं ऐन भरात होती. सकाळी साडेनवाला ऑपरेटरचा फोन आला.

"ताई, सर्व्हर म्हणतोय जागा संपली. आणि स्लॅशमध्ये एक विचित्र फोल्डर आलंय. नावात नुसते आकडे आहेत, तीनशेचाळीस, दोनशेचव्वेचाळीस. व्हायरस असेल. उडवू का?"

"हात लावू नकोस," मी म्हटलं. "मी कोथरूडहून निघतेच आहे. तोवर मी सांगते तेवढंच टाइप कर."

त्या दिवशी फोनवर आणि नंतर कचेरीत ज्या क्रमाने शोध घेतला, तोच इथे लिहिते. स्लॅश म्हणजे लिनक्समधलं सगळ्यात वरचं, मूळ फोल्डर. कमांडही फोनवर सांगते तशाच उच्चारून लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

अनोळखी फोल्डर दिसलं की लगेच पुसायचं नाही, हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते. ते कधी जन्मलं, कुणाच्या नावावर आहे, आत काय आहे, हे सगळं त्या फोल्डरपाशीच असतं. पुसलं की ते गेलं. आणि ज्याने ते बनवलं तो प्रोग्रॅम तसाच राहतो, म्हणजे उद्या ते पुन्हा येणार. आत जाऊन फाइली उघडू नका, हलवू नका, मालकी बदलू नका. आधी फक्त बघा.

पहिली गोष्ट नावाची. ऑपरेटरला दिसत होतं ते असं: \३४०\२४४\२०५\३४०\२४४\२०२\३४०\२४४\२२५. मराठी माणसाने हे आकडे ओळखायला शिकावं, कारण आपल्याकडे हे वारंवार घडतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, आणि त्यातले पहिले दोन अष्टमान पद्धतीत ३४० २४४ किंवा ३४० २४५ असतात. सर्व्हरवर लोकॅल, म्हणजे भाषा-लिपीची मांडणी, नुसतं 'सी' असेल तर फोल्डरमधली यादी दाखवणाऱ्या एलएसला ही अक्षरं दाखवता येत नाहीत, मग ती आकड्यांत दाखवते. वरचे नऊ बाइट म्हणजे तीन चिन्हं: अ, अनुस्वार, क. फोल्डरचं नाव होतं 'अंक'. लोकॅल 'सी डॉट यूटीएफ-८' केलं की नाव स्वच्छ दिसतं. व्हायरसची भीती तिथेच निम्मी झाली.

नाव अनेकदा कारणच सांगतं. फोल्डरचं नाव नुसतं टिल्ड, म्हणजे ~ हे नागमोडी चिन्ह, असेल, तर कुणीतरी स्क्रिप्टमध्ये टिल्ड अवतरणचिन्हांत लिहिली आहे, आणि शेलने, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, तिचा अर्थ 'होम', म्हणजे युजरचं स्वतःचं फोल्डर, असा न घेता ती अक्षरशः घेतली आहे. हे फोल्डर काढताना फार सांभाळा: अवतरणाशिवाय आरएम चालवलं तर तुमचं पूर्ण होम पुसलं जाईल. आधी डॉट-स्लॅश लावायचं, मग टिल्ड, आणि सगळं अवतरणात. नावात महिरपी कंस आणि स्वल्पविराम दिसले, तर बॅश या शेलसाठी लिहिलेली स्क्रिप्ट साध्या एसएचने चालवली गेली आहे. उबुंटूवर २००६ पासून एसएच म्हणजे डॅश हा शेल आहे, आणि त्याला महिरपी कंस उलगडता येत नाहीत. तीन फोल्डर व्हायच्या जागी कंसांसकट एकच होतं. दोन फोल्डरची नावं सारखीच दिसत असतील तर एकाच्या शेवटी स्पेस असते. एलएस डॅश बी ती दाखवून देते.

दुसरी गोष्ट, वेळ आणि मालक. स्टॅट ही कमांड आणि पुढे फोल्डरचा पत्ता. तिच्या उत्तरात चार वेगवेगळ्या वेळा दिसतात, त्यातली 'बर्थ' आपल्या कामाची. 'मॉडिफाय' ही वेळ आतली एखादी फाइल आली-गेली की बदलते, 'चेंज' मालकी-परवानग्या बदलल्या की बदलते; जन्मवेळ बदलत नाही. ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या फाइलसिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती, ती नोंदवतात. स्टॅटमधून ती नीट दिसू लागली ती स्टॅट ज्या संचात येते त्या कोअरयुटिल्सच्या २०१९ मधल्या ८.३१ आवृत्तीपासून, म्हणून फार जुन्या मशीनवर तिथे नुसती आडवी रेघ दिसेल. एक सावधगिरी: दुसऱ्या डिस्कवरून कॉपी होऊन आलेल्या फोल्डरची जन्मवेळ ही कॉपीची वेळ असते.

आमच्या फोल्डरची जन्मवेळ होती १० सप्टेंबर, २० वाजून ३० मिनिटं, १ सेकंद. शेवटी अधिक चार शून्यं, म्हणजे सर्व्हर यूटीसीवर आहे. त्यात साडेपाच तास मिळवा: ११ सप्टेंबरची पहाट, दोन वाजून एक सेकंद. कचेरीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. बरोबर ठोक्याला, पहिल्या-दुसऱ्या सेकंदाला जन्मलेलं फोल्डर दिसलं की माझा पहिला संशय क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, जातो. माणूस इतका वक्तशीर नसतो, आणि मशीनवरच्या सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीचे टायमर नेहमीच्या मांडणीत एखाद्या मिनिटाची सवलत घेतात, त्यामुळे त्यांचे सेकंद विखुरलेले असतात.

मालक होता रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी युजर. मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसला, तर तो युजर एक तर काढून टाकलेला असतो किंवा ते फोल्डर कंटेनरमधून, म्हणजे वेगळ्या बंदिस्त जागेत चालणाऱ्या प्रोग्रॅममधून, वा दुसऱ्या मशीनवर एकत्र बांधलेल्या टार फाइलमधून आलेलं असतं. डेबियन-उबुंटू आणि रेडहॅटच्या घरात साध्या माणसांचे आकडे १००० पासून सुरू होतात. शून्य रूटचं, मधले सेवांचे.

मग झटपट विचारण्याचे दोन-चार प्रश्न. एखाद्या पॅकेजने आणलंय का? उबुंटूवर डीपीकेजी डॅश कॅपिटल एस, फेडोराच्या घरात आरपीएम डॅश क्यूएफ, पुढे पत्ता. 'सापडलं नाही' असं उत्तर आलं तरी पॅकेज निर्दोष ठरत नाही, कारण इन्स्टॉलनंतर चालणाऱ्या स्क्रिप्टने केलेली फोल्डरं त्या यादीत नसतात. ते माउंट, म्हणजे दुसरी डिस्क जोडलेली जागा, आहे का? फाइंड-एमएनटी सांगेल. आत्ता कुणी वापरतंय का? एलएसओएफ प्लस कॅपिटल डी. टेंपमधली 'सिस्टमडी-प्रायव्हेट'ने सुरू होणारी फोल्डरं सिस्टमडीने सेवांसाठी केलेली असतात, आणि लॉस्ट-प्लस-फाउंड हे ईएक्सटी फाइलसिस्टमचं स्वतःचं. त्या दोघांच्या वाटेला जाऊ नका.

कंटेनर चालवणारा डॉकर असेल तर त्याच्यापाशी थोडं थांबा. कंटेनर चालवताना डॅश व्हीने होस्टवरचा पत्ता दिला आणि तिथे काही नसलं, तर डॉकर तक्रार करत नाही. रूटच्या नावाने त्या पत्त्यावर फोल्डर बनवून मोकळा होतो. एका दवाखान्याच्या मशीनवर मी सेटिंगच्या फाइलच्या नावाचं रिकामं फोल्डर पाहिलंय. फाइलचं नाव लिहिताना एक अक्षर चुकलं होतं, एवढंच. डॅश डॅश माउंट वापरलं तर अशा वेळी तो चूक दाखवून थांबतो, म्हणून मी आता तेच लिहिते.

यातलं आमच्याकडे काहीच नव्हतं. उरला तो त्या मिनिटाचा रोजनामा, म्हणजे सर्व्हरचा लॉग. जर्नल-सीटीएल, डॅश डॅश सिन्स आणि डॅश डॅश अन्टिल देऊन जन्मवेळेच्या अलीकडचं-पलीकडचं एकेक मिनिट मागितलं. तिथे ओळ होती: क्रॉन, रूट, आणि पुढे स्क्रिप्टचं नाव. बॅकअपची स्क्रिप्ट. मीच लिहिलेली. जन्मवेळ माहीत नसती तर महिन्याभराच्या लाखभर ओळींत ही एक शोधत बसले असते. त्या मिनिटाला काही मिळालं नाही तर एपीटीचा इतिहास आणि 'लास्ट'मधली लॉगिनं त्याच वेळेशी ताडून बघा.

स्क्रिप्टमध्ये शोधताना पूर्ण पत्ता शोधू नका. 'स्लॅश अंक' असा सलग पत्ता कुणीच लिहिलेला नसतो, तो तुकड्यांतून जुळतो. ग्रेप डॅश आरएन लावा आणि शेवटचाच शब्द शोधा: ईटीसीमधल्या सगळ्या क्रॉनच्या जागा, व्हार-स्पूल-क्रॉन, यूएसआर-लोकल-बिन, ईटीसी-सिस्टमडी, आणि रूटचं होम. आमच्या स्क्रिप्टमधली ओळ होती फोल्डर बनवणारी एमकेडिर डॅश पी, पुढे 'साठा' या व्हेरिएबलची किंमत, स्लॅश, अंक. साठा म्हणजे दुसऱ्या डिस्कचा पत्ता. तो मी रूटच्या बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या फाइलीत, लिहून ठेवला होता.

गणपतीपर्यंत ही स्क्रिप्ट मी रोज संध्याकाळी हाताने चालवायचे, रूट म्हणून लॉगिन करून, त्यामुळे बॅशआरसी वाचली जायची. गणपतीत पेठांतले रस्ते बंद होतात, रोज पोचणं अवघड, म्हणून चौथ्या दिवशी ती क्रॉनला लावली. क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. साठा रिकामा राहिला, आणि रिकाम्याच्या पुढे 'स्लॅश अंक' जोडलं की पत्ता होतो थेट मुळातला. एमकेडिर डॅश पी निमूटपणे फोल्डर करतं, रूटला कुणी अडवत नाही. चूक माझी होती. २३ रात्रींचे बॅकअप पहिल्याच डिस्कवर साचत गेले आणि ती भरली. दुसऱ्या डिस्कवर १० सप्टेंबरनंतरचं काही नव्हतं. त्याच आठवड्यात एका कथेची दुरुस्त फाइल जुन्या प्रतीखाली चुकून गाडली गेली होती. ती आम्हाला परत मिळाली ती याच 'व्हायरस' फोल्डरातून.

रोजनाम्यात काहीच सापडत नसेल, तर मागचं सोडून पुढच्या वेळेसाठी दबा धरावा लागतो. बरेच जण फोल्डरवर नजर ठेवणारं आयनोटिफाय-वेट सुचवतात. ते फोल्डर कधी झालं ते सांगतं, कुणी केलं ते सांगत नाही. आयनोटिफायच्या निरोपात प्रोसेसचा नंबरच नसतो. त्यासाठी ऑडिट हवं, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमने काय केलं याची लिनक्सच्या गाभ्याने, कर्नलने, ठेवलेली नोंद. उबुंटूवर ऑडिटडी हे पॅकेज घालावं लागतं. मग ऑडिट-सीटीएल, डॅश डब्ल्यू आणि त्या फोल्डरच्या वरच्या फोल्डरचा पत्ता, डॅश पी डब्ल्यूए, डॅश के आणि एखादी खूण, मी 'शोध' लिहिते. पहारा वरच्या फोल्डरवर लावायचा, कारण खालचं अजून जन्मायचंय.

आमच्यासारखं फोल्डर थेट स्लॅशमध्ये येत असेल तर हा पहारा चालत नाही. सगळ्यात वरच्या फोल्डरवर तो लावायला कर्नलच मनाई करतो. तिथे सिस्टम कॉलवर, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे करतो त्या मागणीवर, नियम लावा: डॅश ए ऑलवेज स्वल्पविराम एक्झिट, डॅश कॅपिटल एफ आर्च बरोबर बी६४, डॅश कॅपिटल एस एमकेडिर स्वल्पविराम एमकेडिर-अ‍ॅट, आणि तीच खूण. फोल्डर दुसरीकडे बनून इथे सरकवलं जात असेल असं वाटलं तर रीनेमचे कॉलही जोडा. बघताना एयू-सर्च डॅश के शोध डॅश आय. तो शेवटचा डॅश आय आपल्यासाठी फार मोलाचा आहे, कारण देवनागरी नावं ऑडिटच्या नोंदीत ई०ए४ने सुरू होणाऱ्या षोडशमान माळेत लिहिली जातात. डॅश आय ती माळ उलगडून नाव दाखवतो.

नोंदीत ईएक्सई म्हणजे ज्याने कॉल केला तो प्रोग्रॅम. तिथे नुसतं एमकेडिर दिसलं की हिरमुसू नका. हात त्याचा, पण सांगणारा दुसरा. त्याचा नंबर पीपीआयडीत असतो. एयूआयडी हा मूळ लॉगिन कुणाचं होतं ते सांगतो, मधे सुडो केलं तरी तो बदलत नाही. तिथे 'अनसेट' असेल तर कुणी लॉगिन न करता एखाद्या सेवेनेच ते केलंय. सीडब्ल्यूडीमध्ये कुठे उभं राहून केलं ते कळतं.

दुरुस्ती लहानशी होती. साठाचा पत्ता स्क्रिप्टमध्येच लिहिला. वर सेट डॅश यू टाकलं, म्हणजे न भरलेलं व्हेरिएबल आलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते. एमकेडिरच्या आधी माउंटपॉइंट डॅश क्यूने दुसरी डिस्क खरोखर जोडलेली आहे का ते तपासलं, कारण ती निखळलेली असेल तरीही बॅकअप गुपचूप पहिल्याच डिस्कवर पडतो. आरसिंकने २३ दिवसांचं सगळं दुसऱ्या डिस्कवर नेलं, चेकसम लावून पुन्हा एकदा ताडलं, आतलं काढून घेतलं, आणि शेवटी फोल्डर आरएमडिरने काढलं. आरएमडिर फक्त रिकामं फोल्डर काढतं. आत एखादी फाइल राहिली असती तर त्याने नकार दिला असता.

ऑडिटचा नियम एक रात्र तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी एयू-सर्चमध्ये पहाटे दोनची एकच नोंद होती, पत्ता दुसऱ्या डिस्कचा. मग ऑडिट-सीटीएल डॅश कॅपिटल डीने नियम काढून टाकला, आणि ऑपरेटरला फोन करून सांगितलं की पानं लावायला घे.