नियमाचा मसुदा आलाय? हरकत कुठे आणि कधी घ्यायची ते बघा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत नवीन नियमाचं काही आलं की ग्रुपवर आधी आरडाओरडा होतो आणि त्यात मुदत निघून जाते, म्हणून हे लिहितोय.

आधी हातातला कागद कसला आहे ते बघा. आपल्यासारख्या सोसायट्या ज्याखाली चालतात तो राज्याचा सहकार कायदा १९६० चा, तो केला विधिमंडळाने, पण कलम १६५ ने नियम करायचा अधिकार दिला सरकारला, म्हणजे लिहिणार सहकार खातं. त्याला अटी दोन, आधी मसुदा प्रसिद्ध करायचा आणि झालेला नियम दोन्ही सभागृहांच्या (विधानसभा आणि विधान परिषद) पटलावर, म्हणजे आमदारांसमोर, एकूण ३० दिवस ठेवायचा. जीआर असेल तर मात्र तो नुसता खात्याचा आदेश, पटलावर वगैरे जात नाही. पण जीआरने नियम खोडता येत नाही हे लक्षात ठेवा, कोणी जीआर दाखवला तर आधी नियम काय म्हणतो ते काढा.

मसुद्यात एक तारीख असते. तोपर्यंत आलेल्या हरकती सरकारला विचारात घ्याव्याच लागतात (मान्य कराव्या लागतात असं नाही). खरा जोर इथेच लावा. नियमाचा नंबर लिहा, त्यातले शब्द जसेच्या तसे लिहा, त्याखाली तुम्हाला हवेत ते शब्द, मग कारण आणि आपल्या सोसायटीतला एखादा दाखला. नियम मूळ कायद्याच्या बाहेर जात असेल तर ते सगळ्यात वर लिहा, कारण पुढे हायकोर्टात गेलात तर हाच मुद्दा सगळ्यात भक्कम. एकच मेसेज दोनशे जणांनी फॉरवर्ड करण्यापेक्षा पाच नीट पत्रं बरी. मसुद्यात दिलेल्या पत्त्यावरच पाठवा आणि पोच घ्या, हाताने दिलं तर आवक शिक्का मारून घ्या.

तरीही नियम तसाच आला तर आमदारांना गाठा. ३० दिवस अधिवेशनातलेच मोजतात आणि आपली अधिवेशनं छोटी, त्यामुळे ते लगतच्या दोन अधिवेशनांत मिळूनही भरतात, मुंबईत सुरू होऊन नागपूरला संपले असंही होऊ शकतं. आमदारांकडे नुसती तक्रार करू नका, नियमात दुरुस्ती किंवा तो रद्द करायचा प्रस्ताव मांडा म्हणा. पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदार विधान परिषदेत असतात, त्यांना कोणी विचारतच नाही, त्यांनाही पत्र द्या, कारण बदल व्हायला दोन्ही सभागृहांची संमती लागते. बहुमत सरकारचंच असतं म्हणून हे अवघड आहे, आणि झालं तरी तिथून पुढेच लागू होतं, त्या नियमाखाली आधी झालेलं सगळं कायम राहतं. म्हणून म्हणतो, मसुदा आला की त्याच आठवड्यात कमिटीची मीटिंग लावा.