बंदूक कारागिराच्या हाती देण्यापूर्वी

शेतीसंरक्षणासाठी घेतलेली एकनळी असो, आजोबांकडून वारशाने आलेली दुनळी असो किंवा स्पर्धेत उतरणाऱ्या मुलीचे पिस्तूल असो, परवानाधारकाला केव्हा ना केव्हा बंदूक दुरुस्त करणाऱ्या कारागिराच्या दुकानाची पायरी चढावीच लागते. हे काम जाणणारी माणसे थोडी आहेत, त्यामुळे ग्राहक आधीच दबून असतो. कारागीर रागावला तर जायचे कुठे, या धास्तीने तो मोजमाप विचारत नाही, मुदत लिहून घेत नाही आणि ‘जरा नीट करून द्या’ एवढेच सांगून परत फिरतो. पुढचे बहुतेक तंटे या चार शब्दांतून उभे राहतात, असे माझे मत आहे, आणि त्याची किंमत मी स्वतः मोजलेली आहे.

आमच्या घरची जुनी इंग्रजी दुनळी मी एका कारागिराकडे दिली, तेव्हा दस्ता थोडा लांब करावा आणि नळ्यांवरचा गंज काढून नवा निळा मुलामा चढवावा, असे तोंडी ठरले होते. सहा आठवड्यांची मुदत चौदा महिन्यांवर गेली. बंदूक परत आली तेव्हा नळ्या आरशासारख्या चकचकीत होत्या. पण पहिल्याच पावसाळ्यात दोन नळ्यांना जोडणारी वरची पट्टी एका टोकाला सुटली आणि तिच्याखालून गंजाचे पाणी झिरपू लागले. काय चुकले होते हे मला फार उशिरा कळले, म्हणून ते इथे सविस्तर सांगतो.

दुनळीच्या दोन नळ्यांमधल्या पट्ट्या बहुतेक जुन्या बंदुकांत कथील-शिशाच्या डाकाने बसवलेल्या असतात. निळा मुलामा चढवण्याची झटपट रीत म्हणजे कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या सुमारे १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलेल्या द्रावणात लोखंड बुडवणे. रायफलीच्या एकसंध नळीला ही रीत चालते. दुनळीला ती घातक ठरते, कारण हे द्रावण डाक खाते आणि पट्टीखाली शिरून तिथेच साचून राहते. दुनळीसाठी जुनी, संथ रीतच वापरावी लागते: पातळ आम्लाने मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळ्या स्वच्छ पाण्यात उकळायच्या, काळी पडलेली पूड तारेच्या मऊ ब्रशने झाडायची आणि रंग पुरेसा खोल येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करायचे. या कामाला दिवसांऐवजी आठवडे लागतात. ‘मुलामा कोणत्या रीतीने चढवणार?’ हा एकच प्रश्न कारागिराची पारख करायला पुरेसा आहे. दुनळी दोन दिवसांत काळी करून देतो असे जो सांगेल, त्याच्याकडे ती ठेवू नये.

कारागिराच्या हातापूर्वी त्याचा परवाना पाहावा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करण्याच्या व्यवसायालाही परवाना लागतो. बंदुका विकण्याचा परवाना आहे म्हणून दुरुस्तीचाही आहे, असे गृहीत धरू नये. परवाना पाहायला मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण तोही तुमचा परवाना पाहिल्यावाचून बंदूक हातात घेणार नाही. घेत असेल तर तिथून निघावे. आपला मूळ परवाना मात्र दुकानात ठेवू नये. सही केलेली छायाप्रत द्यावी आणि बंदुकीचा प्रकार, बोअर, निर्मात्याचे नाव आणि क्रमांक लिहिलेली तारखेची पोच घ्यावी. घरातल्या दुसऱ्या माणसाने बंदूक दुकानात न्यायची असेल, तर कलम ३ मधील तरतुदीनुसार दुरुस्तीसाठी ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर नेता येते. ते पत्र वाहणाऱ्याच्या खिशात असलेच पाहिजे. परवान्याची मुदत काम चालू असताना संपणार नाही ना, हेही आधी पाहून घ्यावे.

ही पोच निवडणुकीच्या काळात विशेष उपयोगी पडते. आचारसंहिता लागली आणि शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश हाती आला, की बंदूक कुठे आहे याचा पुरावा लागतो. २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा अशा दोन्ही निवडणुका झाल्या, म्हणजे लांबलेल्या कामाच्या काळात असा प्रसंग एकाच वर्षात दोनदा येऊ शकत होता.

आता कामाच्या कागदाविषयी. एक साधा फुलस्केप कागद पुरतो. मात्र त्यावर विशेषणे नकोत, आकडे हवेत. ‘दस्ता लांब करणे’ असे न लिहिता चापाच्या मध्यापासून दस्त्याच्या मागच्या कडेच्या मध्यापर्यंतचे आजचे अंतर आणि हवे असलेले अंतर लिहावे, उदाहरणार्थ १३ पूर्णांक ३ चतुर्थांश इंचांवरून १४ पूर्णांक १ चतुर्थांश इंच. गाल टेकतो त्या कडेचा पुढचा आणि मागचा उतार, तसेच दस्त्याचा उजवीकडचा किंवा डावीकडचा कल, हीही मापे असतात आणि नेम त्यांच्यावरच बसतो. ती कारागिराने तुमच्या खांद्याला बंदूक लावून, तुमच्यासमोर घ्यावीत. नवा दस्ता बनवायचा असेल तर अक्रोड की शिसव, लाकूड किती काळ सुकवलेले आहे आणि वरून जवसाचे तेल की पॉलिश, हे लिहावे. ओल्या फळीतून कोरलेला दस्ता कारखान्यात सुरेख दिसतो आणि कोकणातला एक पावसाळा व त्यानंतरचा उन्हाळा सोसला की पीळ धरतो. फळी कापण्यापूर्वी ती स्वतः पाहून तिच्यावर खडूने सही करण्याची माझी सवय आहे. लाकूड बदलले गेल्यास ते लगेच कळते.

स्पर्धेच्या पिस्तुलाच्या बाबतीत तर आकड्यावाचून काहीच बोलता येत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्या प्रकारात चापाचे वजन, म्हणजे चाप ओढला जाण्यासाठी लागणारा भार, किमान १००० ग्रॅम असावे लागते. ‘चाप हलका करा’ असे सांगून पिस्तूल दिले आणि ते ९५० ग्रॅमवर आले, तर साहित्य-तपासणीतच खेळाडूचा दिवस संपतो. कागदावर १०३० ते १०५० ग्रॅम असे लिहावे आणि घेताना वजन टांगून मोजावे.

काही कामे अशी असतात की त्यांत काढलेले लोखंड परत लावता येत नाही, आणि तिथे मुदतीपेक्षा टप्पे महत्त्वाचे ठरतात. बारा बोअरच्या नळीचा पूर्ण चोक म्हणजे तोंडाशी सुमारे एक मिलिमीटरची आवळण. ती मोकळी करायची तर थोडी घासून, अधिकृत रेंजवर ४० यार्डांवरून कागदावर बार काढून आणि ३० इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे पडले ते मोजूनच पुढे जावे. अर्ध्या चोकाला सुमारे ६० टक्के छर्रे त्या वर्तुळात यावेत. जुन्या इंग्रजी बंदुकांचे काडतुसाचे घर पुष्कळदा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची काडतुसे साधारणपणे ७० मिलिमीटरची. ती आत सहज बसतात, कारण काडतुसावरचे माप ते उडून उघडल्यानंतरचे असते. पण उडताना तोंड उघडायला पुरेशी जागा नसल्याने नळीतला दाब वाढतो, आणि हा धोका डोळ्यांना दिसत नाही. कारागिराने घर मोजून तो आकडा कागदावर लिहावा. ‘घर वाढवून देतो’ असे तो म्हणाला तर नळीच्या भिंतीची जाडी मोजून मागावी आणि शंका असेल तर लहान काडतुसेच वापरावीत. नळी कापून आखूड करण्याचा प्रस्ताव मात्र विचारातही घेऊ नये, कारण परवान्याशिवाय तसे करणे कलम ६ खाली गुन्हा आहे.

पैशाविषयी थोडक्यात: साहित्याच्या खर्चाइतकाच विसार द्यावा, प्रत्येक टप्पा पाहिल्यावर पुढचा हप्ता द्यावा आणि निम्म्याच्या आसपास रक्कम शेवटपर्यंत हाती ठेवावी. उशीर झाला तर दंड, असली अट मी घालत नाही. अशा अटीमुळे चांगला कारागीर दुखावतो आणि वाईट कारागिराला तिची पर्वा नसते. दर तीन आठवड्यांनी स्वतः जाऊन काम पाहायचे आणि त्या दिवशीची स्थिती त्याच कागदावर दोघांनी सही करून लिहायची, याचा उपयोग अधिक होतो. दोन भेटींत काहीच हललेले नसेल, तर बंदूक आहे त्या स्थितीत परत मागावी. ती मिळत नसेल तर लेखी नोटीस द्यावी आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला व पोलीस ठाण्याला वेळेवर कळवावे, कारण बंदुकीचा पत्ता नसणे ही परवानाधारकाचीही जबाबदारी आहे. पैशाच्या नुकसानीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तिथे तो सह्यांचा कागदच कामी येतो.

बंदूक देण्यापूर्वी आणि परत घेताना एक परीक्षा कारागिरासमोर करावी. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळ्या दस्त्यापासून सोडवाव्यात, दोरीने अधांतरी टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने टिचकी मारावी. डाक शाबूत असेल तर घंटेसारखा लांब नाद येतो. पट्टी सुटत असेल तर बद्द आवाज येतो. परत घेताना स्नॅप कॅप, म्हणजे बिनदारूचे नकली काडतूस, घालून दोन्ही चाप आणि सेफ्टी तपासावी. शेवटी क्रमांक भिंगाखाली परवान्याशी ताडून पाहावा, कारण गंज घासताना तो पुसट होतो आणि ओळखचिन्ह खोडणे कलम ८ खाली निषिद्ध आहे. माझ्या दुनळीवरचा शेवटचा आकडा असाच अर्धा उरला होता. एवढे सगळे जुळले की मग पोचेवर सही करावी आणि उरलेले पैसे द्यावेत.